वजनकाट्यावर अडकलेलं पत्र

पेणहून रोह्याला पत्र जायला किती वेळ लागतो, या प्रश्नाची माझ्याकडे आता तीन उत्तरं आहेत. पोस्टकार्ड टाकलं तर तीन दिवस. मी स्वतः खिशात घालून मेमूने नेलं तर साधारण एक तास, क्रॉसिंगला गाडी थांबली नाही तर. आणि ईमेलने पाठवलं तर अकरा दिवस, तेही मी मागोमाग मेमूने गेलो तर.

ईमेलची अवदसा मला आपणहून आठवली असं कुणी समजू नये. सव्वीस वर्षं एका स्थानिक साप्ताहिकाच्या मधल्या पानावर मी लोकांना चिमटे काढले, ते सगळे शाईच्या पेनाने. साप्ताहिक बंद पडलं तेव्हा मी निवृत्त झालो असं मी म्हणतो. मी लिहीत होतो म्हणून ते बंद पडलं असं माझे शेजारी शरदराव म्हणतात. एप्रिलच्या शेवटी रोह्याहून प्रणिताचा फोन आला. प्रणिता म्हणजे माझ्या मित्राची, गोविंदाची सून.

"काका, बाबांना अटॅक आल्यापासून उजवा हात चालत नाय. डाव्याचं एक बोट बरं चालतंय. डॉक्टर म्हणतात, बोटाला काम द्या, नायतर तेही आखडेल. मी त्यांना कॉम्प्युटरवर मोठी अक्षरं करून दिलीत. पण बसतात आणि नुसते बघतात."

"मग लिहू दे की मला काहीतरी."

"तेच सांगितलं. तर म्हणतात, राज्य मोऱ्यावर आहे."

मोऱ्या म्हणजे मी. इथे थोडं थांबून नियम सांगायला हवा. गोविंदा आणि मी चाळीस वर्षं एकमेकांना पोस्टकार्डं लिहीत आलो. तो पाटबंधारे खात्यात नोकरी लागून रोह्याला गेला तेव्हा ठरलं होतं की ज्याला पत्र आलं त्याच्यावर राज्य. त्याने उत्तर देईपर्यंत दुसऱ्याने लिहायचं नाही. एकाने सलग दोन पत्रं लिहिणं म्हणजे लाचारी. माझ्या प्रत्येक कार्डावर पत्ता असायचा, 'रेल्वे जिथे संपते त्या गावी राहणाऱ्या गोविंदास', कारण तेव्हा रेल्वे खरोखरच रोह्याला संपायची. पुढे कोकणातली गाडी रोह्याच्या पलीकडे धावायला लागली आणि गोविंदा सही करायला लागला, 'रेल्वे जिथून सुरू होते त्या गावाहून'. मी म्हणायचो, दिवा जंक्शनहून सुटलेली मेमू आजही रोह्यालाच संपते. तो म्हणायचा, ती पाठ फिरवते, त्याला आम्ही काय करणार. या विषयावर आमची काही शे कार्डं खर्ची पडली असतील.

आठ महिन्यांपूर्वी त्याचं कार्ड आलं आणि दोन दिवसांनी त्याला अर्धांगाचा झटका आला. मी दोनदा भेटून आलो. त्याला आधीच ऐकू कमी येतं, त्यात जीभ जड झालेली. मी ओरडायचो, तो मान हलवायचा आणि प्रणिता चहा द्यायची. कार्डाचं उत्तर मात्र मी दिलं नाही. आजारी माणसाला काय लिहायचं, हे मला सुचेना. म्हणजे राज्य माझ्यावर होतं, ही गोष्ट खरी होती, आणि त्यामुळेच ती मला फार लागली.

"मी कार्ड टाकतो," मी म्हणालो.

"कार्डाला कार्डच जायला पाहिजे म्हणतात. त्यांना पेन धरता येत नाय ना, काका." प्रणिता म्हणाली. "तुम्ही ईमेल करा. मग ते करतील."

आमच्याकडे कॉम्प्युटर होता. आमच्या लेकीने, अनन्याने, लग्न होऊन जाताना तो मागे ठेवला होता आणि माझ्या बायकोने, वृंदाने, त्यावर विणलेलं झाकण घातलं होतं. गेली चार वर्षं त्यावर गौरीचे मुखवटे ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग झाला नव्हता. झाकण काढल्याची बातमी दहा मिनिटांत शरदरावांपर्यंत पोहोचली. शरदराव पंचायत समितीतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांना कुठल्याही विषयातली माहिती नसली तरी त्या विषयाची कार्यपद्धती माहीत असते.

"पत्ता आहे का ईमेलचा?" त्यांनी विचारलं.

"अनन्याने काढून दिलाय कधीतरी. गुप्त शब्द वहीत आहे."

"मग प्रोग्रामच घाला. ते वेबसाइटवर जाऊन टपाल बघणं म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर बसून आपलं पत्र वाचणं. टपाल आपल्या घरात उतरलं पाहिजे."

हे मला पटलं. शरदरावांचं पटलेलं प्रत्येक वाक्य मला पुढे महागात पडलं आहे, हे मला माहीत असूनही पटलं.

प्रोग्राम फुकट उतरवता आला, पण त्याआधी खात्यात शिरायचं होतं. खात्याने प्रथम मी यंत्र नाही हे सिद्ध करायला सांगितलं. सदुसष्टाव्या वर्षी, पेण नगरीत, माझ्या स्वतःच्या खुर्चीत! नऊ चित्रं दाखवून, पादचाऱ्यांसाठी पट्टे असलेली निवडा, म्हणाले. पेणच्या माणसाला हे विचारणं अन्यायाचं आहे. आमच्याकडे पट्टे असतीलही, पण त्यांच्यावर कायम काहीतरी उभं असतं. तीनदा चुकलो. चौथ्यांदा शरदरावांनी बोट दाखवलं तिथे दाबलं आणि मी माणूस असल्याचं मान्य झालं.

मग म्हणाले, मोबाइलवर क्रमांक पाठवलाय तो घाला. मोबाइल वृंदाचा नोंदवलेला. वृंदा समोरच्या वैद्यांच्या गच्चीवर. मे महिन्याच्या तोंडावर आमच्या आळीत बायका घरात सापडत नाहीत. सगळ्या पोह्याचे पापड लाटायला कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर असतात. मी खिडकीतून हाक मारली.

"अहो, हात पिठाचे आहेत!" वृंदा वरून ओरडली. "नमिताताई, बघा हो जरा, काय आलंय."

"सहा आकडी काहीतरी हाय!" नमिताताई वैद्य म्हणाल्या. "कुणाला सांगू नका असं लिवलंय!"

"मला सांगा, मला!"

नमिताताईंनी तो क्रमांक अशा आवाजात सांगितला की खालच्या मूर्तीच्या कारखान्यातल्या कारागिरांनीही हातातला ब्रश थांबवून तो ऐकला. मी घालेपर्यंत मुदत संपली. दुसरा आला, त्यातले चार आणि सात उलटे पडले. तिसऱ्या वेळी सगळी गच्ची एका सुरात म्हणाली. आजही त्या आळीत माझ्या खात्याचा तो गुप्त क्रमांक माहीत नसलेला माणूस शोधावा लागेल. सुदैवाने तो पाचच मिनिटं चालतो.

प्रोग्राम उघडला आणि त्याने असे प्रश्न विचारायला सुरुवात केली की शरदरावांची कार्यपद्धतीही संपली. येणाऱ्या टपालाचा सर्व्हर कोणता? जाणाऱ्या टपालाचा कोणता? प्रत्येकासमोर एक रिकामी चौकट. शरदराव म्हणाले, "आता तज्ज्ञ बोलावणं आवश्यक आहे. प्रवीणला बोलवा."

प्रवीण म्हणजे वैद्यांच्या खालच्या मजल्यावरचा भाडेकरू, चाळिशीचा, बोलायला मोकळा. डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे काम करतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो हे सगळ्या आळीला माहीत आहे. काय करतो हे कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"वजनकाट्यावर हाय मी, काका. ट्रक आत आला की वजन, बाहेर जाताना वजन. दोन्हीच्या मधला फरक तो माल."

"आणि ईमेलचं कळतं?"

प्रवीणने स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे तर आमचंच हाय की! इनकमिंग, आउटगोइंग. अनन्याताईच्या वहीत सर्व्हरचं नाव हाय बघा. हे वरच्या चौकटीत घालायचं."

"आणि खालच्या?"

"तेच."

"तेच?"

"काका, कंपनीत एवढे ट्रक येतात नि जातात. आत येताना एक काटा नि बाहेर जाताना दुसरा, असं असतं का? एकच काटा. ज्यावर आला त्यावरूनच जाणार. नायतर हिशेब कसा लागेल?"

या युक्तिवादात कुठेही फट नव्हती. शरदरावांनी दोनदा मान डोलावली. दोन्ही चौकटींत एकच नाव घातलं आणि बघता बघता टपाल आलं! पहिलं पत्र केस गळणं थांबवण्याच्या तेलाचं होतं. माझ्या डोक्याची परिस्थिती पाहता ते पंचवीस वर्षं उशिरा पोहोचलं असं म्हणावं लागेल, पण पोहोचलं. प्रवीण विजयी मुद्रेने शिफ्टला गेला.

आता गोविंदाला लिहायचं, म्हणून मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात वृंदा पिठाचे हात धुऊन आली.

"पहिलं पत्र देवाला."

"कसलं पत्र देवाला?"

"लग्नाची पहिली पत्रिका कुणाला देतो? वास्तुशांतीचं पहिलं आमंत्रण? घरात नवीन काही सुरू केलं की गणपतीला कळवल्याशिवाय होत नाही. आणि आपण राहतो कुठे? खिडकीतून बघा, चाळीस गणपती रंगायला बसलेत."

देवाचा ईमेल पत्ता कुणाकडे नव्हता. शरदरावांनी नावाला साजेसा एक रचून दिला, शेवटी डॉट कॉम. मी लिहिलं: '॥ श्री ॥ आमच्या येथे श्रीकृपेने ईमेल सुरू केला आहे. तरी सहकुटुंब लक्ष ठेवावे.' आणि पाठवलं. लगेच एक इंग्रजी चौकट उमटली, आकडे आणि ठिपके असलेली. मी चष्मा शोधायला लागलो.

"वाचू नका," शरदराव म्हणाले, "पावती आहे. ओके म्हणा."

पावती कोण वाचतं? मी ओके म्हटलं. पत्र आउटबॉक्स नावाच्या पेटीत जाऊन पडलं.

गोविंदाचं पत्र मात्र मी दोन दिवस लिहीत होतो. आठ महिन्यांचं साचलेलं लिहायचं नव्हतं, हे मला लिहिता लिहिता कळलं. पापडांचं लिहिलं, रंगायच्या गणपतींचं लिहिलं, नमिताताईंनी माझा गुप्त क्रमांक कसा जाहीर केला ते लिहिलं. तब्येतीचं एक अक्षर लिहिलं नाही. खाली लिहिलं, 'रेल्वे जिथे संपते त्या गावी राहणाऱ्या गोविंदास आता राज्य.' पाठवलं. पावती आली. पत्र पेटीत पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला तर पुन्हा पावती. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पोस्टाने कधी एका कार्डाची तीन पावत्यांनी दखल घेतली नव्हती. मी तारखा वहीत मांडून ठेवल्या. सव्वीस वर्षं टीका केली, एकदा तरी यंत्रणेचं कौतुक करावं, म्हणून ते शरदरावांजवळ केलंही.

गोविंदाचं उत्तर मात्र येईना.

चार दिवस मी समजून घेतलं, एका बोटाने लिहितोय बिचारा. सहाव्या दिवशी मनात आलं, एका बोटाने एक 'पोचलं' तरी लिहिता येतं. नवव्या दिवशी मला राग आला. हे मी अभिमानाने सांगत नाही. शरदराव म्हणाले, "राज्य त्यांच्यावर आहे. आपण गप्प बसणं उचित." वृंदा म्हणाली, "फोन करा प्रणिताला." मी फोन करणार नव्हतो. चाळीस वर्षांचा नियम होता, आणि मी आधीच दोन दिवस खपून पत्र लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी नियम मोडला. दुसरं पत्र लिहिलं. माझ्यातला मधल्या पानाचा माणूस जागा झाला होता आणि तो वाईट माणूस आहे. शेवटी लिहिलं: 'तुझ्या गावात रेल्वे संपते असं मी चेष्टेने म्हणत असे. आता कळलं, तिथे सगळंच संपतं.' पाठवलं. पावती आली, यावेळी एकदम दोन. बरं वाटलं. साधारण अर्धा तास बरं वाटलं.

अकराव्या दिवशी सकाळी प्रणिताचा फोन आला. माझ्यासाठी नव्हे, वृंदासाठी. वृंदाने ऐकलं आणि माझ्याकडे वळली.

"अहो, पत्र पाठवलंत ना?"

"दोन! पावत्या आहेत!"

"ती म्हणते, एकही आलं नाही. भावजी रोज आंघोळ करून, टोपी घालून कॉम्प्युटरसमोर बसत होते. काका लिहिणार म्हणून. कालपासून बसत नाहीयेत. बोटाचे व्यायामही नको म्हणतात." तिने फोन खाली ठेवला. "ती रडत होती."

मी पायजम्यावरच निघणार होतो. वृंदाने विजार दिली, पापडांची दोन पुडकी दिली आणि माझा बटणांचा फोन खिशात कोंबला. स्टेशनवर मेमू उभीच होती.

कासूपर्यंत मला फक्त अपराधी वाटत होतं. नागोठण्याला एकदम सुचलं: पहिलं गेलं नसेल तर दुसरंही गेलं नाही! इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. ते दळभद्री वाक्य गोविंदाने वाचलेलंच नाही. घरी जाऊन ते पत्र पेटीतून काढून फाडायचं, ईमेल फाडतात कसं हे प्रवीणला विचारायचं, की झालं. मी समोरच्या बाईंना पापडाचं एक पुडकं देऊनही टाकलं. निडी यायच्या सुमाराला फोन वाजला.

"आनंदाची बातमी!" वृंदाचा आवाज. "प्रवीण आलाय रात्रपाळी करून. त्याला चूक सापडली. म्हणतो, टपालाला दोन काटे असतात, येण्याचा वेगळा, जाण्याचा वेगळा. आपली सगळी पत्रं पेटीतच पडलेली आहेत. त्या पावत्या नव्हत्याच, पत्र जात नाही म्हणून सांगत होतं ते!"

"वृंदा, त्याला थांबव!"

"काय?"

"दुरुस्त करू नको म्हणावं! हात लावू नको म्हणावं!"

"ऐकू येत नाही... हो हो, सांगते त्याला, तुम्ही खूश झालात म्हणून..."

निडी स्टेशनात गाडी शिरली आणि रेंज गेली. मी फोन हलवला, खिडकीबाहेर धरला, तोंडाशी नेऊन ओरडलो. समोरच्या बाईंनी पापडाचं पुडकं पदराखाली घेतलं.

निडी ते रोहा हा प्रवास मी उभ्याने केला. बसलो तर गाडी हळू जाते असं वाटत होतं. मनात हिशेब चालला होता, प्रवीण हळू टाइप करतो, मध्ये चहा घेतो, वृंदा त्याला लाडू देईल. लाडू दे, बाई, दोन दे. रोह्याला उतरलो तो रिक्षावाल्याला म्हणालो, "लवकर चला, एक पत्र पोहोचायच्या आत मला पोहोचायचंय." त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि गुमान गाडी हाकली.

दारातच प्रणिता. हसत होती. मला वाटलं, वाचलो. मग ती म्हणाली, "काका, आलं! आत्ताच! दोन आली एकदम!"

आत गोविंदा टोपी घालून बसला होता. स्क्रीनवरची अक्षरं लिंबाएवढी. बहिरा माणूस वाचतो ते सगळ्या घराला ऐकू जातं, आणि जीभ जड असली की ते सावकाश जातं. पापडांचं त्याने वाचून संपवलं होतं. गुप्त क्रमांकाचं वाचताना त्याचा डावा खांदा हलत होता. मग त्याने बोटाने पुढचं पत्र उघडलं.

"गोविंदा, ते नको!" मी ओरडलो. त्याला ऐकू गेलं नाही. मी स्क्रीनसमोर आडवा उभा राहिलो. त्याने मला पाहिलं, आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही, आणि डाव्या हाताने बाजूला सारलं. आठ महिन्यांत त्या हाताने केलेलं बहुधा ते सगळ्यात जोराचं काम असावं.

त्याने वाचलं. सगळं. शेवटचं वाक्यही, एकेक शब्द करत. "तिथे... सगळंच... संपतं."

प्रणिताने तोंडाला पदर लावला. मी खिडकीतून कुंडलिका नदी दिसते का ते पाहत होतो. दिसत नव्हती, शेजाऱ्यांची टाकी दिसत होती.

मग एक विचित्र आवाज झाला. गोविंदा अर्ध्या तोंडाने हसत होता.

"मोऱ्या," तो म्हणाला. "दोन पत्रं. सलग. लाचार मेल्या."

"अरे, मला वाटलं, तू..."

"नियम मोडलास."

"मोडला."

त्याने बोट माझ्याकडे केलं आणि मग दाराकडे. "जा."

"बाबा!" प्रणिता म्हणाली. "काका आत्ता आलेत. भात टाकते, जेवून जातील..."

"नाय. पेणला जा." त्याला दम लागला, पण तो थांबला नाही. "हितं बसलास, तर लिहू कुणाला?"

एवढ्या सन्मानाने मला कुठूनही हाकललेलं नाही. दाराबाहेर चपला घालताना मला कीबोर्डचा आवाज आला. टक. बऱ्याच वेळाने, टक. परतीची मेमू थेट चारनंतर मिळाली; तिच्यात नागोठण्यापर्यंत मी तो मनात मोजत होतो.

घरी पोहोचलो तेव्हा वृंदा, शरदराव आणि प्रवीण तिघंही कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीने बसलेले. प्रवीण अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "चुकलं काका. पण आमच्या काट्यावर असंच असतं."

"दोन पत्रं आलीत," वृंदा म्हणाली. "देवाचं परत आलं. असा पत्ताच अस्तित्वात नाही म्हणतात."

"कार्यालय स्थलांतरित झालं असेल," शरदराव म्हणाले.

"आणि दुसरं?"

ती बाजूला झाली. पत्रावर तारीख आजची, वेळ दुपारी चार चाळीस. मी त्याच्या दारातून निघालो होतो पावणेबाराला. एवढ्या वेळात त्याने लिहिलेलं सगळं पत्र असं होतं:

'रेल्वे हितनं सुरू होते. राज्य तुझ्यावर.'

मी चष्मा पुसला, बसलो, आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. पत्ता नेहमीचाच घातला. पाठवलं आणि थांबलो. इंग्रजी चौकट आली नाही. पाच मिनिटं झाली तरी आली नाही.

"प्रवीण," मी घाबरून म्हणालो, "बघ रे जरा, काहीतरी बिघडलंय. पावती आली नाही."